उर्से गावातून दिसणारे बदलते तारे : चुंबकी जोडताऱ्यांची ओळख

मागच्या हिवाळ्यात उर्से गावातल्या अभ्यासिकेची मुले घेऊन आम्ही रात्री आकाश पाहायला बसू लागलो. जागा म्हणजे वस्तीमागचे रिकामे शेत. एका बाजूला द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्याचे दिवे, दुसऱ्या बाजूला कारखान्यांचे, आणि पिंपरी-चिंचवडच्या दिशेला क्षितिजावर कायमची पिवळट धग. डोक्यावर तेवढा एक काळोखाचा तुकडा शिल्लक होता. त्या तुकड्यात काय पाहायचे, हा पहिला प्रश्न होता.

मुलांना चंद्र, गुरू, शनी दाखवून झाले. मग एका मुलाने विचारले, "ताई, ग्रह तरी जागा बदलतात. तारे रोज तेच. त्यात रोज पाहायचं काय?"

प्रश्न रास्त होता, पण तारे रोज तेच नसतात. काही तारे काही तासांत मंदावतात, काही महिनाभर झोपून अचानक उजळतात. त्यातल्या काहींचे कारण मोठे विलक्षण आहे. तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात, एक दुसऱ्याचे द्रव्य ओढून घेत असतो, आणि ओढणारा तारा प्रचंड ताकदीचा चुंबक असतो. अशा ताऱ्यांविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा लेख. हे तारे जगाला कळले ते मोठ्या वेधशाळांमुळे, आणि तितकेच घराच्या गच्चीवरून वर्षानुवर्षे नोंदी ठेवणाऱ्या साध्या माणसांमुळे. हे आपल्या मुलांना कळले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

सुरुवात नुसत्या डोळ्यांनी : मायावती

डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. डोक्याजवळ कृत्तिकांचा झुबका दिसतो, वायव्येकडे शर्मिष्ठेचा एम अक्षरासारखा आकार. या दोहोंच्या मधल्या भागात ययाती तारकासमूह आहे. त्यातला मायावती हा तारा, म्हणजे इंग्रजीतला अल्गोल, बहुतेक वेळा ठळक असतो. पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावतो. उतरायला सुमारे पाच तास आणि पुन्हा चढायला पाच तास. अगदी तळाला त्याचा प्रकाश नेहमीच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतो. आज मध्यरात्री तो तळाला असेल, तर तिसऱ्या दिवशी रात्री पावणेनऊच्या सुमारास पुन्हा तळाला असतो. घड्याळ आणि डोळे एवढ्यावर हे तपासता येते.

याचे कारण पहिल्यांदा नीट मांडले ते जॉन गुडरिक या इंग्लंडमधल्या तरुणाने, १७८३ साली. तो कर्णबधिर होता आणि तेव्हा अठरा वर्षांचा होता. एक काळसर सोबती या ताऱ्यासमोरून ठरावीक वेळाने जात असावा, असे त्याने सुचवले. ते बरोबर निघाले. मायावती हा एक तारा नाही. तिथले तारे एकमेकांभोवती फिरतात आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्याला झाकतो.

पुढे या जोडीत एक कोडे सापडले. जास्त वस्तुमानाचा तारा आपले इंधन लवकर जाळतो, म्हणून तो आधी म्हातारा व्हायला हवा. इथे मात्र म्हातारा तारा हलका आणि तरुण दिसणारा जड. उत्तर असे की म्हातारा तारा पूर्वी जड होता. फुगल्यावर त्याचे द्रव्य सोबत्याकडे वाहून गेले. देणारा हलका झाला, घेणारा जड. ताऱ्यांमध्ये अशी देवघेव होते हे समजून घ्यायला मायावती ही पहिली पायरी आहे.

मायावतीत चुंबकाचा खेळ मात्र नाही. त्यासाठी घेणारा तारा वेगळा हवा.

श्वेत बटू म्हणजे काय

सूर्यासारखा तारा आयुष्याच्या शेवटी बाहेरचे थर सोडून देतो आणि आतला गाभा उरतो. त्याला श्वेत बटू म्हणतात. वस्तुमान सूर्याच्या जवळपास, आकार मात्र पृथ्वीएवढा. त्याचे चमचाभर द्रव्य काही टन भरेल. अशा ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींपलीकडे जाऊ शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तरुणपणी दाखवले. १९८३ साली त्यांना नोबेल मिळाले. ती मर्यादा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आता समजा, हा श्वेत बटू एका साध्या ताऱ्याच्या अगदी जवळ फिरतो आहे. इतका जवळ, की एक प्रदक्षिणा काही तासांत पूर्ण होते. त्याच्या ओढीने सोबती गोल राहत नाही, थेंबासारखा टोकदार होतो. त्या टोकावर एक जागा अशी असते की तिथे दोन्हीकडची ओढ जवळपास बरोबरीची होते. तिथून सोबत्याचा वायू निसटतो आणि श्वेत बटूकडे वाहू लागतो.

पडणाऱ्या वस्तूपासून ऊर्जा मिळते हे मावळातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. लोणावळ्याच्या धरणांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून वीज तयार होते आहे. ती उंची सुमारे पाचशे मीटर. श्वेत बटूवर पडणाऱ्या एक किलो वायूतून मिळणारी ऊर्जा घाट उतरणाऱ्या एक किलो पाण्याच्या शंभर कोटी पटींहून जास्त असते. तिथे 'दरी' फार खोल आहे, एवढाच फरक.

चुंबक आला की वाट बदलते

श्वेत बटूला चुंबकत्व नसेल, तर येणारा वायू थेट पडत नाही. तो त्याच्याभोवती गरगरत एक तबकडी तयार करतो आणि हळूहळू आत सरकतो.

चुंबकत्व असेल तर चित्र बदलते. आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गॉसच्याही आत असते. फ्रिजवर चिकटवायचा साधा चुंबक शंभर गॉसच्या आसपास. आणि या श्वेत बटूंपैकी जबरदस्त असणाऱ्यांचे क्षेत्र एक कोटी गॉसच्या पुढे, काहींचे वीस कोटींपर्यंत जाते. एवढ्या क्षेत्रात तापलेला, विद्युतभारित वायू मनाप्रमाणे फिरू शकत नाही. रुळावरच्या गाडीसारखा तो चुंबकीय रेषांना धरून चालतो, आणि त्या रेषा त्याला चुंबकीय ध्रुवांवर नेऊन सोडतात.

अशा ताऱ्यांचे दोन प्रकार मानतात.

पहिला प्रकार पोलर. यात चुंबकत्व इतके जोरदार, की तबकडी तयारच होत नाही. वायूची धार सरळ ध्रुवाकडे वळते. दोन्ही तारे चुंबकाने जणू एकमेकांना बांधलेले असतात. चंद्राची जशी एकच बाजू आपल्याला दिसते, तसा श्वेत बटू आपली एकच बाजू सोबत्याकडे ठेवून फिरतो.

दुसरा प्रकार इंटरमीजिएट पोलर, म्हणजे मधला. यात क्षेत्र तुलनेने कमी असते. बाहेरच्या भागात तबकडी बनते, पण आतला भाग चुंबक मोडून टाकतो आणि तिथून पुढे वायू रेषांवरून ध्रुवांकडे जातो. श्वेत बटू स्वतःभोवती वेगाने फिरत असतो, त्यामुळे दीपगृहासारखी ठरावीक वेळाने चमक दिसते.

दोन्ही प्रकारांत शेवट सारखाच. वायू सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने ध्रुवावर आदळतो, कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. शिवाय पोलर ताऱ्यांत चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन एका खास प्रकारचा प्रकाश देतात, ज्याच्या लहरी विस्कळीत नसून शिस्तीत असतात. याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. पोलर हे नाव त्यावरूनच आले.

शौरीतला एक तारा आणि ५३ वर्षांची वाट

शौरी तारकासमूहात एएम हर्क्युलिस नावाचा तारा आहे, आपल्यापासून सुमारे २९० प्रकाशवर्षे दूर. जर्मनीतल्या मॅक्स वोल्फ यांनी १९२३ साली त्याची रूपविकारी तारा म्हणून नोंद केली. म्हणजे तेजस्विता बदलते, एवढेच कळले. का बदलते, ते माहीत नव्हते. १९७०च्या डिसेंबरात केनियाच्या किनाऱ्यावरून उहुरू हा क्ष-किरणांचा उपग्रह सुटला आणि त्याला आकाशाच्या त्याच भागात क्ष-किरण दिसले. मग १९७६ साली सँटियागो टापिया यांनी या ताऱ्याचा प्रकाश तपासला, तर तो मोठ्या प्रमाणात ध्रुवित निघाला. तेव्हा कोडे सुटले. दोन्ही तारे ३ तास ६ मिनिटांत एकमेकांभोवती फेरी मारतात आणि श्वेत बटूचे क्षेत्र सुमारे १.४ कोटी गॉस आहे. पोलर हा प्रकारच या एका ताऱ्यापासून ओळखला जाऊ लागला.

या ताऱ्याचा आणखी एक स्वभाव आहे. काही आठवडे-महिने तो तेराव्या प्रतीच्या आसपास असतो आणि मग घसरून पंधराव्या प्रतीपर्यंत जातो. ताऱ्यांच्या प्रतीचा आकडा वाढला की प्रकाश कमी. एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीच पट, दोन प्रतींचा म्हणजे सहा पटींहून थोडा जास्त. नुसत्या डोळ्यांना काळोख्या रात्री सहाव्या प्रतीपर्यंत दिसते, म्हणजे हा तारा दुर्बिणीशिवाय दिसणार नाही. तो घसरतो कारण सोबत्याकडून येणारी वायूची धार आटते. तबकडी असती तर तिच्यात साठा राहिला असता. टाकी भरलेली असली की नळ गेला तरी दिवसभर पाणी पुरते. पोलरच्या घरी टाकी नाही. धार आटली की लगेच अंधार.

ही धार कधी आटते, कधी परत येते, किती काळ टिकते, याचे ठरलेले वेळापत्रक नाही. त्यासाठी दशकानुदशके रोज कुणीतरी पाहायला हवे. मोठ्या दुर्बिणीला एका ताऱ्यासाठी एवढा वेळ मिळत नाही. इथे हौशी निरीक्षकांचे काम सुरू होते.

ययातीतला दुसरा तारा

मायावती ज्या ययातीत आहे, त्यातच जीके पर्सेई नावाचा तारा आहे. १९०१च्या फेब्रुवारीत एडिंबरोचे हौशी निरीक्षक थॉमस अँडरसन यांना तिथे एक नवा तारा दिसला. दोन दिवसांत तो आणखी उजळून ब्रह्महृदयाच्या जवळपास गेला. मूळच्या तेजापेक्षा ही वाढ लाखपटीहून अधिक होती. सोबत्याकडून ओढलेला हायड्रोजन श्वेत बटूवर साचत गेला आणि एका टप्प्याला त्याने अणुभट्टीसारखा पेट घेतला. अशा ताऱ्याला नवतारा म्हणतात. नाव नवतारा असले तरी तारा जुनाच असतो.

हा तारा सुमारे १४०० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे स्फोट प्रत्यक्षात झाला पाचव्या-सहाव्या शतकात, अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी ज्या काळात खोदली-रंगवली गेली त्याच्या आसपास. त्याचा प्रकाश पोहोचेपर्यंत १९०१ साल उजाडले.

स्फोटाने जोडी मोडली नाही. ओढणे पुन्हा सुरू झाले. १९८०च्या दशकात त्याच्या क्ष-किरणांत दर ३५१ सेकंदांनी येणारी लय सापडली. श्वेत बटू पावणेसहा मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, तर जोडीची फेरी जवळपास दोन दिवसांची आहे. म्हणजे हा इंटरमीजिएट पोलर. याला टाकी आहे, आणि ती अधूनमधून ओसंडते. साधारण दर दोन-तीन वर्षांनी तबकडीतला साठा एकदम आत कोसळतो आणि तारा तेराव्या प्रतीवरून दहाव्या प्रतीपर्यंत चढतो. सुमारे दोन महिने हे चालते. २०१५, २०१८ आणि २०२३ साली असे झाले आहे. त्या काळात तो सहा इंची दुर्बिणीतूनही दिसू शकतो. एरवी आठ-दहा इंची दुर्बीण आणि चांगला काळोख लागतो.

आपल्या महाराष्ट्रातली साधने

क्ष-किरण वातावरणात अडतात, म्हणून ते पाहायला अवकाशात जावे लागते. भारताचा अॅस्ट्रोसॅट उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याचे वैशिष्ट्य असे की एकाच ताऱ्याकडे तो अतिनील आणि क्ष-किरण अशा दोन्ही नजरांनी एकाच वेळी पाहू शकतो. चुंबकी जोडताऱ्यांसाठी हे फार उपयोगाचे, कारण ध्रुवावरचा तापलेला वायू आणि आजूबाजूचा तुलनेने थंड भाग वेगवेगळ्या किरणांत दिसतात. त्यावरची क्ष-किरणांची दोन महत्त्वाची उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. त्यातल्या सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपचे प्रमुख कुलिंदर पाल सिंग यांनी याच प्रकारच्या ताऱ्यांवर अनेक वर्षे संशोधन केले आहे.

जमिनीवरचे साधन आणखी जवळ आहे. पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून गिरवलीच्या डोंगरावर आहे. ध्रुवित प्रकाश मोजण्याची सोयही तिथे आहे. आयुकाच्याच आवारात शाळकरी मुलांसाठी विज्ञान शोधिका चालते. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांसाठी काम करते आहे. उर्से ते पुणे अंतर फार नाही. ते पार करायचे की नाही, हे बऱ्याचदा बसभाड्यापेक्षा 'ते आपल्यासाठी नाही' या समजावर ठरते. समाजकार्यात आम्ही हा समज रोज पाहतो.

तो समज खोडणारा एक माणूस सांगतो. राधागोबिंद चंद्र हे बंगालमधल्या जेस्सोरचे. प्रवेश परीक्षा त्यांना पास होता आली नाही. सरकारी खजिन्यात साधी नोकरी केली. १९१८ साली एक नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे टिपला आणि त्यातून त्यांचा अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेशी संबंध आला. १९११ साली सुरू झालेली ही संघटना आजही जगभरच्या हौशी लोकांच्या नोंदी गोळा करते. त्या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. पुढच्या काही दशकांत त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. पदवी नव्हती, पण नोंद चोख होती, म्हणून ती जगाने स्वीकारली.

नोंद कशी ठेवायची, आणि आमची चूक

पद्धत सोपी आहे. बदलणाऱ्या ताऱ्याच्या आसपास न बदलणारे दोन तारे निवडायचे, एक थोडा जास्त तेजस्वी आणि एक थोडा कमी. आपला तारा त्या दोघांत कुठे बसतो ते ठरवायचे. तारीख, वेळ, आकाशाची स्थिती आणि अंदाज लिहायचा. दुसऱ्याची वही पाहायची नाही. कालचा आकडा आठवून आजचा लिहायचा नाही.

आमच्या मुलांनी एका रात्री उत्साहाने लिहिले, 'मायावती मंदावला.' टाळ्याही झाल्या. दुसऱ्या दिवशी गणित मांडले तर ती वेळ जुळेना. वही पुन्हा पाहिली. एका मुलीने शेजारच्या ठळक ताऱ्याचीही नोंद केली होती, आणि तोही त्याच वेळी मंद होता. म्हणजे पातळ ढग होता. तुलनेचा तारा नसता तर आम्ही ढगाला ग्रहण समजून बसलो असतो. समाजशास्त्राच्या सर्वेक्षणातही हेच शिकवतात. एकाच वस्तीत बदल दिसला म्हणून कारण सापडत नाही, शेजारची वस्तीही पाहावी लागते. आम्ही ती नोंद खोडली नाही. शेजारी 'ढग' असे लिहून ठेवली.

तारा दिसला नाही तर 'अमुक प्रतीपर्यंत दिसले, हा दिसला नाही' अशी नोंद करायची. तीही मोलाची असते. एएम हर्क्युलिसची धार कधी आटली, ते अशा 'दिसला नाही'वरूनही कळते.

मावळात पावसाळ्याचे चार महिने आकाश बंद असते. ययातीसाठी हिवाळा उत्तम. शौरी पाहायचा तर एप्रिल-मेमधली उत्तररात्र किंवा ऑक्टोबरातली संध्याकाळ.

उपयोग काय

आमच्या गटातला सर्वांत चोख निरीक्षक एक तरुण आहे. तो एका कारखान्यात ठेकेदाराकडे रात्रपाळी करतो आणि पहाटे घरी येताना आकाशाकडे पाहून वहीत लिहितो. एकदा त्याने विचारले, "ताई, यातून नोकरी मिळेल का?" आम्ही खरे ते सांगितले. बहुधा नाही.

मग तो का लिहितो? त्याचे त्यानेच सांगितले. घरात बहिणीच्या लग्नासाठी कुणीतरी पत्रिका काढली, मंगळ निघाला, आणि सहा महिने घर गप्प झाले. तेव्हा कुणालाच उलट बोलता आले नाही, कारण आकाशाबद्दल बोलण्याचा हक्क पत्रिकेवाल्याचाच, असे सगळे धरून चालले होते. आता त्याच्याकडे वही आहे. मायावती कधी मंदावेल हे तो आधी सांगतो आणि सगळ्यांना बाहेर नेऊन दाखवतो. चुकले तर चुकले असे लिहितो. पत्रिकेवाल्याने असे कधी केल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

या कामासाठी लागणारी एक गोष्ट मात्र वेगाने संपते आहे, ती म्हणजे काळोख. विकासाला आमचा विरोध नाही. वस्तीच्या रस्त्यावर दिवे हवेतच, मुलींच्या सुरक्षिततेसाठी तर नक्कीच. पण रस्त्यासाठी लावलेल्या दिव्याचा प्रकाश आभाळात का जावा? दिव्याला वरून झाकण असले आणि प्रकाश खालीच पडला, तर रस्ता जास्त उजळतो, डोळे दिपत नाहीत आणि आकाशही वाचते. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. मावळ पेंच होणार नाही. पण गावातल्या दिव्यांना झाकण बसवणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे.

तसा अर्ज आम्ही मुलांच्या सह्यांनी तयार केला आहे आणि येत्या ग्रामसभेत मांडणार आहोत. सोबत वहीही ठेवणार आहोत, ढगाच्या चुकीसकट. मावळातल्या इतर गावांतल्या अभ्यासिकांनीही या हिवाळ्यात एक वही सुरू करावी. दुर्बीण नसली तरी चालेल. पहिला तारा मायावती.